आय२डी ने लिहिलेली सर्टिफिकेट फाइल: लांबी बरोबर, आत कचरा

पावणेसातची_लोकल | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक प्रश्न आहे. बाकीच्यांनी माफ करावं किंवा गंमत बघावी.

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांची पातळी आणि पंपांचं रीडिंग सर्व्हरला पाठवणारे डबे बनवतो. नव्या ग्राहकाची अट अशी की प्रत्येक डब्याला स्वतःचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) हवं. डब्याने सर्व्हर ओळखायचा, सर्व्हरने डबा ओळखायचा. त्यासाठी टेबलावरच्या लिनक्स पीसीवर मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. डब्याकडून सीएसआर (सर्टिफिकेटासाठीचा अर्ज) घ्यायचा, आमच्या रूट कीने (सहीच्या गुप्त कीने) सही करायची, झालेलं सर्टिफिकेट डीईआर (बाइटांचा ठरलेला साचा) मध्ये फाइलीत लिहायचं. तीच फाइल डब्याच्या फ्लॅशमध्ये जाते.

सही होते. स्क्रीनवर छापून बघितलं की नाव, मुदत, पब्लिक की सगळं जागच्या जागी दिसतं. फाइल उघडली की आत कचरा. लांबी मात्र तंतोतंत, ८६३ बाइट.

कंपनीचा कोड इथे डकवता येत नाही, शब्दांत सांगतो. आधी ओपनएसएसएल लायब्ररीच्या आय२डी_एक्स५०९ ला (सर्टिफिकेट डीईआर मध्ये लिहिणारं फंक्शन) दुसऱ्या जागी नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देऊन लांबी विचारली. तेवढा बफर (मेमरीचा तुकडा) मॅलॉकने मागून घेतला. मग पुन्हा आय२डी_एक्स५०९, यावेळी बफरच्या पॉइंटरचा (बफर मेमरीत कुठे आहे ते दाखवणाऱ्याचा) पत्ता देऊन. मग एफराइटने फाइलीत लिहिलं. मग फ्रीने बफर परत केला. फ्रीच्या ओळीवर प्रोग्रॅम 'इनव्हॅलिड पॉइंटर' म्हणत मरतो.

फ्री काढलं तर मरत नाही. साहेब म्हणाले, मग काढूनच टाक ना. (हो, खरंच म्हणाले.)

शुक्रवारी ४० डबे द्यायचेत.

शून्यपूर्णांक | सोमवार, रात्री ११:३१

ओपनएसएसएल जुनं असेल. अपडेट करून बघा.

वागळे_जुना | मंगळवार, सकाळी ६:५०

आवृत्तीला हात लावू नका. कचरा म्हणजे नक्की काय ते सांगा. फाइलीचे पहिले आठ बाइट टाका इथे.

पावणेसातची_लोकल | मंगळवार, सकाळी ८:०५

पहिले आठही शून्य. पुढे मधेच वाचता येतील असे तुकडे आहेत, बहुतेक माझ्याच लॉगमधल्या जुन्या ओळी. आवृत्ती ३.० आहे.

वागळे_जुना | मंगळवार, सकाळी ८:४०

मग सापडलं. डीईआर सर्टिफिकेटचा पहिला बाइट ३० असतो. (हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे ३०. इथून पुढे बाइटाची किंमत हेक्समध्ये, लांबी आणि मोजदाद साध्या आकड्यांत.) तुमच्याकडे तो शून्य आहे, म्हणजे तुम्ही सर्टिफिकेट लिहीतच नाही आहात, त्याच्या पुढची मेमरी लिहिताय.

वाशीच्या मार्केटात टेम्पो बघा. हमाल गोणी उतरवत जातात, टेम्पो थोडाथोडा पुढे सरकत जातो. शेवटची गोणी उतरली तेव्हा टेम्पो रांगेच्या टोकाला उभा असतो. तुमचा बफर-पॉइंटर म्हणजे तो टेम्पो. आय२डी ला त्याचा पत्ता दिलात, त्याने ८६३ बाइट उतरवले आणि पॉइंटर ८६३ घरं पुढे नेऊन ठेवला. आता टेम्पो उभा आहे तिथून पुढे तुम्ही माल शोधताय. माल मागे पडलाय. आणि फ्रीला तुम्ही मॅलॉकने दिलेला पत्ता नाही, भलताच पत्ता देताय. तो मरेल नाहीतर काय करेल?

उपाय एका ओळीचा. दुसरा पॉइंटर घ्या, त्यात बफरचा पत्ता ठेवा, आय२डी ला त्या दुसऱ्याचा पत्ता द्या. तो कुठेही भटकू दे. एफराइट आणि फ्री मूळ पॉइंटरवर.

साहेबांना सांगा, फ्री बिचारं खरं बोलत होतं.

शून्यपूर्णांक | मंगळवार, सकाळी ९:१५

पण असं डिझाइन करायचंच कशाला? लायब्ररीने माझा पॉइंटर का हलवावा?

वागळे_जुना | मंगळवार, सकाळी ९:५०

कारण डीईआर मध्ये पेटीत पेटी, त्यात पेटी असते. एका मोठ्या रचनेत चार तुकडे ओळीने लिहायचे असतील तर एकच पॉइंटर चार वेळा दिला की काम होतं, प्रत्येक तुकडा आधीच्याच्या शेपटीला लागतो. वाचतानाही तसंच. डी२आय_एक्स५०९ वाचलेल्या बाइटांइतका पॉइंटर पुढे नेतो, त्यामुळे एका फाइलीत तीन सर्टिफिकेटं चिकटवलेली असतील तरी लूपमध्ये वाचता येतात. सोयीचं आहे, फक्त माहीत असायला हवं.

डी२आय चा पहिला पॅरामीटर हा आणखी एक खड्डा. तिथे एक्स५०९ पॉइंटरचा पत्ता देणार असाल तर आधी त्यात नल भरा. आत काही असेल तर ते जुनं ऑब्जेक्ट समजून वापरायला जातो. स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) कचरा त्याला ऑब्जेक्ट वाटला की कार्यक्रम संपला. मी हे १९९९ च्या आसपास रात्री दोन वाजता शिकलो.

आय२डी ला नल असलेल्या पॉइंटरचा पत्ता दिलात तर तो बफर स्वतः घेतो आणि तेव्हा पॉइंटर सुरुवातीलाच ठेवतो. ते मात्र साध्या फ्रीने सोडू नका, ओपनएसएसएल_फ्री वापरा. लांबी उणे आली तर चूक झालीय, ती थेट मॅलॉकला देऊ नका.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी १०:१०

टेम्पोवाला प्रतिसाद वाचून सी येत नसताना सी कळल्यासारखं वाटलं. वाचनखूण साठवली आहे.

पावणेसातची_लोकल | मंगळवार, दुपारी १:३०

चाललं! वागळे_जुना, चहा माझ्याकडून. आता फाइल अशी सुरू होते:

३० ८२ ०३ ५बी ३० ८२ ०२ ४३ ए० ०३ ०२ ०१ ०२ ०२ १५ ०० सी९ ...

विषय संपला, धागा बंद केला तरी चालेल.

घनसोलीकर | मंगळवार, दुपारी २:०५

बंद करू नका. मी अशा डब्यांच्या पलीकडच्या बाजूला बसते, सर्व्हरवर. तुमच्या या ओळीत मला एक दगड दिसतोय. जेवणाच्या सुट्टीत आहे, सावकाश वाचू.

३० म्हणजे सीक्वेन्स, एक पेटी. ८२ म्हणजे पेटीची लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे. ०३५बी म्हणजे ८५९. त्यात ही सुरुवातीची चार घरं (पेटीचं शीर्ष) मिळवा, ८६३. तुमची फाइल.

आत लगेच दुसरी पेटी, ०२४३ म्हणजे ५७९, शीर्षासकट ५८३. ज्याच्यावर सही होते तो हा भाग, टीबीएस म्हणतात तो. त्यानंतर सहीची पद्धत. तुम्ही एसएचए-२५६ आणि आरएसए वापरत असाल तर ती शीर्षासकट १५ बाइटांत बसते. त्यातला ओआयडी (पद्धतीचा ठरलेला क्रमांक) ०६ ०९ २ए ८६ ४८ ८६ एफ७ ०डी ०१ ०१ ०बी असा असतो, इतकी वर्षं बघून मला तो फोन नंबरासारखा पाठ झालाय. शेवटी सही. २०४८ बिटांची की, म्हणजे २५६ बाइट, त्याच्या आधी बिट-स्ट्रिंगचा एक ०० (शेवटच्या बाइटात किती बिट रिकामे, ते सांगणारा) आणि चार बाइटांचं शीर्ष. एकूण २६१.

५८३ + १५ + २६१ = ८५९. हिशोब जुळला. की २०४८ चीच आहे हे तुम्ही न सांगता कळलं.

आता टीबीएसच्या आत. ए० ०३ ०२ ०१ ०२ ही आवृत्ती. आकडा २ आहे, पण अर्थ 'तिसरी आवृत्ती', कारण मोजणी शून्यापासून. मग येतो सीरियल नंबर: ०२ म्हणजे पूर्णांक, १५ म्हणजे २१ बाइट. आणि पहिला बाइट ००.

आरएफसी ५२८० (इंटरनेटवरच्या सर्टिफिकेटांचे नियम) नुसार सीरियल नंबर जास्तीत जास्त २० बाइटांचा. तुमचा २१ आहे. ग्राहकाकडे कडक तपासणी असेल तर डबा दारातून परत.

तुम्ही २० रँडम बाइट घेऊन थेट सीरियल केलाय ना?

पावणेसातची_लोकल | मंगळवार, दुपारी २:२०

अगदी तसंच. आणि आता लक्षात येतंय, काही फाइली ८६२ बाइटांच्या आहेत! मला वाटलं डब्याच्या नावातल्या अंकांमुळे फरक पडत असेल.

पण २० टाकले तर २१ कसे झाले?

घनसोलीकर | मंगळवार, दुपारी २:४५

डीईआर मधला पूर्णांक चिन्हासकट असतो. सगळ्यात वरचा बिट १ असेल तर आकडा ऋण समजतात. तुमचा सी९ ने सुरू होतो, म्हणजे वरचा बिट १. तो धन आहे हे सांगायला पुढे ०० लावावा लागतो. रँडम बाइट म्हटल्यावर निम्म्या वेळा हे होणारच. ४० डब्यांत साधारण २० अडकले असते, आणि कुठले ते डब्याच्या तोंडावरून कळलं नसतं.

पहिल्या बाइटाला ७एफ चा मास्क लावा, म्हणजे वरचा बिट शून्य होईल. १५९ बिट उरतात, भरपूर झाले.

हाच बिट २०१९ मध्ये मोठमोठ्यांना नडला होता. वेब सर्टिफिकेटांच्या सीरियलमध्ये किमान ६४ बिट रँडम हवेत असा नियम. एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये सीरियल ८ बाइटांचाच होता आणि वरचा बिट कायम शून्य. म्हणजे खरे ६३. एका बिटापायी ढिगाने सर्टिफिकेटं बदलावी लागली.

शून्यपूर्णांक | मंगळवार, दुपारी ४:१०

घनसोलीकर, प्रतिसाद जबरदस्त. हे वाचून वाटतं की एवढ्यासाठी ओपनएसएसएलसारखा हत्ती कशाला पाळायचा? टॅग (पेटी कुठल्या प्रकारची ते सांगणारा बाइट), लांबी, माल. दोनशे ओळींत पार्सर (हे वाचणारा प्रोग्रॅम) होईल. मी ऐरोलीला हॉस्टेलवर बसून अर्धा लिहिलाय पण.

वागळे_जुना | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

लिहा. जरूर लिहा, शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तो दुसऱ्याच्या पंपावर बसवू नका.

चार प्रश्न विचारतो. लांबीच्या जागी ८४ एफएफ एफएफ एफएफ एफएफ आलं तर तुमचं 'पॉइंटर अधिक लांबी' कुठे जाऊन पडेल? ३२ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर ते गोल फिरून बफरच्या मागे येतं, आणि 'शेवटाच्या आत आहे का' ही तपासणी खुशाल पास होते. नुसतं ८० आलं तर? बीईआर (डीईआरचा सैल भाऊ) मध्ये ते चालतं, डीईआर मध्ये नाही. पाचची लांबी ०५ ऐवजी ८१ ०५ अशी लिहिली असेल तर नाकारता का? आणि पेटीत पेटी हजार वेळा आली तर रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच बोलावत गेल्याने) स्टॅक कुठवर जाईल?

हे सुटलं तरी नावाचा प्रश्न राहतोच, आणि तो खास सी वाल्यांचा आहे. डीईआर मध्ये स्ट्रिंगची लांबी आधी लिहिलेली असते, आत शून्य बाइट असला तरी त्याला फरक पडत नाही. सी मध्ये शून्य बाइट म्हणजे शेवट. २००९ च्या ब्लॅक हॅट सुरक्षा परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी, वेगवेगळं काम करून, हेच दाखवलं. नावात आधी बँकेचा पत्ता, मग शून्य बाइट, मग टिंब देऊन स्वतःचं डोमेन. सर्टिफिकेट देणारा (सीए, सर्टिफाइंग ऑथॉरिटी) शेवटचं डोमेन बघून म्हणतो, तुमचंच आहे, घ्या. ब्राउझर शून्यापर्यंत वाचून म्हणतो, बँक आहे, या. म्हणून सर्टिफिकेटातल्या नावावर कधीही एसटीआरसीएमपी (शून्यापर्यंतच तुलना करणारं) चालवू नका. लांबी वेगळी घ्या, मेमसीएमपी (दिलेल्या लांबीइतकी तुलना) करा, आत शून्य सापडला तर सरळ फेकून द्या.

शून्यपूर्णांक | मंगळवार, रात्री ९:००

लांबीचा पहिला प्रश्न माझ्या पार्सरला लागू आहे. आत्ताच करून बघितलं. सेगफॉल्ट, प्रोग्रॅम आडवा.

पण हत्तीही पडतोच की. १ नोव्हेंबर २०२२ ला ओपनएसएसएल ३.०.७ घाईघाईने काढावं लागलं. ईमेल पत्त्यातला पनीकोड (इतर लिप्यांतली नावं साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडताना स्टॅकवर ४ बाइट सांडत होते. ते लिहिणारे काही हॉस्टेलवर बसलेले नव्हते.

वागळे_जुना | मंगळवार, रात्री ९:२०

मान्य. पण त्यांची चूक जगाने शोधली, तुमची मी शोधली. उद्या मी नसेन. (हलके घ्या.)

पावणेसात, तुमचं ३.० हे ३.०.७ च्या पुढचं आहे ना?

पावणेसातची_लोकल | मंगळवार, रात्री ९:२५

आत्ता बघितलं. आहे. हुश्श.

तलावपाळी | मंगळवार, रात्री १०:००

अवांतर: जीएसटीसाठी आमचे सीए यूएसबीचं डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन वापरतात. तेही असंच सर्टिफिकेट असतं का? आणि तुम्ही वर सर्टिफिकेट देणाऱ्यांनाही सीए म्हणता ते वाचून मी दहा मिनिटं गोंधळात होतो की आमचे गोखले रोडवरचे सीए ब्राउझरशी कधीपासून बोलायला लागले.

घनसोलीकर | मंगळवार, रात्री १०:२०

तेही एक्स.५०९ च, म्हणजे सर्टिफिकेटाचा हाच नमुना. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज आहेत, ते ज्यांना परवाना देतात ते 'हे' सीए. टोकनमधून सर्टिफिकेट हवं तितक्यांदा बाहेर काढता येतं, ते उघडच असतं. प्रायव्हेट की बाहेर येत नाही, सही टोकनच्या आत होते. म्हणून टोकन आणि पिन दोन्ही सीएंच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. 'त्या' सीएंच्या.

दिघागाव_उतरा | बुधवार, सकाळी ९:३५

धागा पळवतोय, माफी. माझ्याकडे डब्याच्या बाजूला एमबेडटीएलएस (छोट्या चिपांसाठीची ओपनएसएसएलसारखी लायब्ररी) आहे. पेम फाइल (अक्षरांत लिहिलेलं सर्टिफिकेट) स्ट्रिंग म्हणून कोडमध्ये ठेवली, लांबीला एसटीआरएलईएन (स्ट्रिंगची अक्षरं मोजणारं) दिलं, एक्स५०९_सीआरटी_पार्स उणे ०एक्स२१८० ही चूक परत देतो. तीच पेम पीसीवर व्यवस्थित उघडते. दोन दिवस गेले.

वागळे_जुना | बुधवार, सकाळी १०:००

एसटीआरएलईएन अधिक एक द्या.

कारण असं की ते फंक्शन शेवटचा बाइट शून्य आहे का बघतं. असेल तर पेम समजतं, नसेल तर डीईआर. शेवटचं शून्य तुम्ही मोजलंच नाहीत, मग त्याने डीईआर समजून ३० शोधला आणि त्याला मिळाला २डी. २डी म्हणजे 'बिगिन सर्टिफिकेट'च्या आधीच्या पाच आडव्या रेघांतली पहिली रेघ. फॉरमॅट चुकीचा, असं तो म्हणाला ते त्याच्या दृष्टीने बरोबरच.

पेम (प्रायव्हसी एनहान्स्ड मेल) म्हणजे आत तेच डीईआर, बेस६४ करून, म्हणजे दर सहा बिटांना एक अक्षर, ओळीला ६४ अक्षरं. नावातला 'मेल' १९९३ च्या सुरक्षित ईमेलच्या एका योजनेतून आला. ती योजना चालली नाही, फाइलीचा साचा तेवढा उरला. बहुतेक पेम एमआयआय ने सुरू होतात ते का, हे आता घनसोलीकरांच्या हिशोबावरून काढता येईल: ३० ८२ चे सहा-सहा बिटांचे तुकडे पाडा. लांबी १६३८४ च्या आत असली की तिसरं अक्षरही आयच येतं.

दिघागाव_उतरा | बुधवार, सकाळी १०:२०

अधिक एक. फक्त अधिक एक. दोन दिवस.

आता दुसरं: तिथेच सीएसआर डीईआर मध्ये लिहिला तर बफरच्या सुरुवातीला शून्यं आणि माल शेवटी दिसतो. पॉइंटर तर मी हलवला नाही.

वागळे_जुना | बुधवार, सकाळी १०:४५

हा टेम्पो उलटा लागतो. एमबेडटीएलएस बफरच्या टोकापासून मागे लिहीत येतं. यात डोकं आहे. पेटीची लांबी पेटीच्या आधी लिहायची असते, पण आतला माल भरल्याशिवाय ती कळत नाही. शेवटून लिहिलं की माल आधीच भरलेला असतो, लांबी मोजलेली असते, फक्त पुढे चिकटवायची. परत आलेला आकडा म्हणजे लांबी. बफरच्या आकारातून ती वजा करा, तिथून तुमचा सीएसआर सुरू.

घनसोलीकर | बुधवार, दुपारी १:१५

पावणेसात, मुदत किती टाकलीय?

पावणेसातची_लोकल | बुधवार, दुपारी १:४०

३० वर्षं. डबा गच्चीवर एकदा लागला की कोण चढतंय. का?

घनसोलीकर | बुधवार, दुपारी २:००

२०४९ पर्यंतच्या तारखा यूटीसीटाइममध्ये, टॅग १७ (हेक्स), वर्षाचे दोनच आकडे. ५० ते ९९ म्हणजे १९००, ०० ते ४९ म्हणजे २०००. २०५० पासून जनरलाइज्डटाइम, टॅग १८, वर्षाचे चार आकडे. तुमची सुरुवात १७ ने आणि शेवट १८ ने होईल. ओपनएसएसएलच्या एक्स५०९_टाइम_अॅडजने घातलीत तर ते आपोआप बरोबर पडतं. हाताने स्ट्रिंग बनवत असाल तर जपा.

पावणेसातची_लोकल | बुधवार, दुपारी २:१०

हाताने बनवतोय. लोकलटाइमने, म्हणजे इथल्या घड्याळाने.

वागळे_जुना | बुधवार, दुपारी २:१२

अरे देवा. लोकलटाइम आणि शेवटी झेड?

पावणेसातची_लोकल | बुधवार, दुपारी २:१३

हो...

वागळे_जुना | बुधवार, दुपारी २:३०

झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. सकाळी १० ला बनवलेल्या सर्टिफिकेटावर तुम्ही यूटीसी १० लिहिताय, ते आपल्याकडे दुपारी साडेतीनला लागू होतं. वागळे इस्टेटला आमच्याकडे हे झालं होतं. सकाळी टेस्टिंगवाली मुलगी सांगायची की डबे जोडत नाहीत. आम्ही अँटेना बदल, केबल बदल, राउटर बंद-चालू कर. चहानंतर सगळे जोडायचे. दोन आठवडे आम्ही सगळे मिळून त्या राउटरला दोष देत होतो. चहानंतर तो तापतो आणि मग बरा चालतो, अशी एक थिअरीही होती. ती माझीच.

जीएमटाइम (यूटीसी वेळ देणारं) वापरा, आणि सुरुवात एक दिवस मागची टाका. डब्यात बॅटरीवरचं घड्याळ नसेल तर तो उठतो तेव्हा १९७० असतं. आधी एनटीपीने (नेटवरून) वेळ घ्या, मग जोडा.

पावणेसातची_लोकल | शुक्रवार, रात्री ९:५०

ट्रान्स-हार्बरमधून लिहितोय, कोपरखैरणे गेलं.

४० डबे गेले. सीरियल सगळे २० बाइटांच्या आत, सुरुवात कालची, वेळ जीएमटाइमने. ग्राहकाच्या इंजिनिअरने समोर बसून एकेक जोडून बघितला. ३९ पहिल्या झटक्यात. चाळिसावा जोडेना तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लॅपटॉप काढून फ्लॅशचे पहिले बाइट बघितले: ३० ८२ ०३ ५ए. म्हटलं सर्टिफिकेट ठीक आहे, दुसरं काहीतरी बघा. त्याच्या सिमकार्डात रिचार्ज नव्हता.

साहेबांनी फ्री परत ठेवायला परवानगी दिली आहे.

वागळे_जुना | शुक्रवार, रात्री १०:१५

चहा राहिला. उद्या सकाळी मी मामलेदारला मिसळ खायला असतोच, साडेआठला. शून्यपूर्णांक, तुम्हीही या, पार्सर घेऊन या.

शून्यपूर्णांक | शुक्रवार, रात्री १०:२०

येतो. रिकर्शनचा प्रश्न अजून सुटलेला नाही.